एक गाठ दिव्याची, दोन भोंग्याच्या

यावर तुमच्यातलं एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, आणि जो ठेवेल त्याला पोहता येतं का हे आधी विचारून घ्यावं लागेल. पण पलीकडचा काठ यायला अजून अवकाश आहे, वारा समोरून आहे, आणि बाकावर बसून नुसतं पाण्याकडे बघत राहिलं की पोटात ढवळतं. त्यापेक्षा गोष्ट बरी. फक्त मागे सुकाणूवर बसलेल्या बाईंकडे बघू नका. त्यांचा या गोष्टीशी काडीचा संबंध नाही. ही गोष्ट दुसऱ्या पाण्याची, दुसऱ्या बोटीची आणि दुसऱ्याच माणसांची.

तर एक होता कप्तान. कप्तान म्हणजे आगबोटीचा नव्हे. त्याची बोट एवढीशी, या काठावरून माणसं घ्यायची आणि त्या काठावर सोडायची. दोन बाक, मागे इंजीन, मध्ये एक काठी आणि काठीवर एक दिवा. पण कप्तान तिच्यावर असा उभा राहायचा, की पाठोपाठ सगळं आरमार येतंय असं वाटावं.

या कप्तानाने तरुणपणी एक लाल वायरीचं रीळ मिळवलं होतं. जहाजांचा कुठलासा कारखाना बंद पडला, तिथलं. रीळ कसलं, ट्रकचं टायर! त्यातून बोटीची सगळी वायरिंग झाली, घराच्या दारावरची घंटा झाली, गच्चीत कपडे वाळत घालायची दोरी झाली, तरी रीळ संपेना. त्यामुळे बोटीत दिव्याची वायर लाल, भोंग्याची लाल, तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची लाल. प्लस लाल आणि मायनसही लाल. फळी उचलून आत डोकावलं तर शेवयांचं पातेलं कलंडल्यासारखं दिसायचं.

लोक विचारायचे, "कप्तान, मग ओळखता कसं?"

"डोळ्यांनी ओळखतो तो नवशिका," कप्तान म्हणायचा आणि बोटं नाचवायचा.

त्याने वायरींना गाठी मारून ठेवल्या होत्या. दिव्याच्या वायरीला एक गाठ, भोंग्याच्या वायरीला दोन, पंपाच्या वायरीला तीन. बॅटरीकडे परत येणाऱ्या वायरीला मात्र गाठ नाही. का, तर घरी परत येणाऱ्याला कुणी ओळख विचारत नाही. कप्तान फळीखाली हात घालायचा, गाठी मोजायचा आणि वर तोंड करून गप्पा मारत दुरुस्ती उरकायचा. या गाठींचा हिशेब त्याने कुणाला म्हणून सांगितला नव्हता. बायकोलाही नाही आणि मुलालाही नाही. मुलगा तर मोठ्या जहाजावर नोकरीला लागला आणि वर्षाकाठी एकदा पाहुण्यासारखा घरी यायचा.

राहिली सूनबाई. तिचे वडील ट्रकच्या वायरिंगचे कारागीर. इतर मुली बाहुलीला फ्रॉक घालायच्या, तेव्हा ही बाहुलीच्या पोटात बल्ब बसवायची. लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने बोट पाहिली. पाहिली म्हणजे काय, डोळ्यांत भरून घेतली. तेव्हापासून तिचा एकच धोशा. "मामंजी, सुकाणू माझ्या हातात द्या."

"सुकाणू म्हणजे काय लाटणं आहे, सूनबाई?"

"लाटणं असतं तर तुम्ही केव्हाच दिलं असतं."

कप्तानाने भोंगा वाजवला. अडला की तो भोंगाच वाजवायचा.

मग कप्तानाच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं, एका डोळ्यावर पट्टी आली. दुसरा डोळा चांगला होता, पण तोही त्याने भीतीने मिटून घेतला. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पाण्यावर जायचं नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात बंदरावरचा तपासनीस यायचा होता. दिवा, भोंगा आणि पंप, तिन्ही त्याच्यासमोर चालले तर संध्याकाळनंतर बोट सोडायचा परवाना. नाहीतर अंधार पडायच्या आत बोट काठाला बांधायची. आता तुम्हीच सांगा, दिवसभर या बोटीत कोण बसतं? चार शाळकरी पोरं आणि एक बकरी. गर्दी असते ती कामं सुटल्यावर. तो फेरा गेला की बोटीत राम नाही. मोठ्या लाँचचा मालक तर वाटच बघत होता. त्याने बोट विकत घेतो म्हणून निरोपसुद्धा धाडला होता.

कप्तान खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "सूनबाई, एवढी हौस आहे ना? मग ऐक. तपासनिसासमोर तिन्ही गोष्टी चालल्या तर सुकाणू तुझं. नाही चालल्या तर बोट लाँचवाल्याला देऊन टाकतो आणि खिडकीत बसून पाणी बघतो."

"शब्द?"

"कप्तानाचा शब्द."

सूनबाईला वाटलं, यात काय अवघड आहे! परवापर्यंत सगळं चालत होतं. ती पदर खोचून धक्क्यावर गेली, बोटीत उतरली, दिव्याचं बटण दाबलं. तळातला पंप घुरघुरायला लागला.

तिने पंपाचं बटण दाबलं. भोंगा वाजला.

भोंग्याचं दाबलं, तर काठीवरचा दिवा लागला, आणि असा लाजत लाजत लागला, की जणू मुलगी बघायला पाहुणे आलेत.

आणि बाकावर, हातावर हात ठेवून, चेहऱ्यावर पुण्याई घेऊन जावईबापू बसले होते.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ना? इथे घोडं आपणहून आलं होतं. जावईबापू म्हणजे सूनबाईच्या नणंदेचे यजमान. धंद्याने शिंपी. सरळ टाक्याचा, सज्जन माणूस. फक्त आकाराने असा, की स्वतःचा सदरा बेतताना शेजारच्या दुकानातून मेजपट्टी उसनी आणून जोडायचा. सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी बायकोबरोबर येऊन राहिले होते. रिकामा बसलेला शिंपी, त्याने कुतूहलाने बोटीतली फळी उचलली आणि आत काय दिसावं? गाठी! धाग्यात गाठ दिसली की शिंप्याचं जेवणावरून मन उडतं. दुपारभर घाम गाळून त्यांनी एकूण एक गाठ सोडवली. आता गाठ सोडवायची तर वायरीचं टोक मोकळं करायला लागतं. तेही केलं. मग वायरींवरून इस्त्रीही फिरवली म्हणे. सगळ्या सरळ रेषेत लावून डाव्या बाकाखाली त्यांना जाड कापडाची छान पिशवी शिवली, गळ्यापासून पायापर्यंत. शेवटी टोकं जिथे बसतील तिथे बसवली. सगळ्याच लाल! चुकणार काय आणि कसं?

"कसं वाटलं, वहिनी?" जावईबापूंनी विचारलं. "टाका बघा, टाका. दिसतोय का कुठे?"

सूनबाईने टाका बघितला. टाका खरोखर दिसत नव्हता.

एखादी असती तर तिथेच बसकण मारून रडली असती. सूनबाईने पाना काढला. "भावोजी, तुम्ही जरा धक्क्यावर उभे राहा. लांब. अजून लांब. हां, तिथेच."

तिच्या वडिलांचं एक सांगणं होतं. बिघाड शोधताना आधी पोट तपासायचं, मग हातपाय. पोट म्हणजे बॅटरी. तिच्याकडे माहेरचा एक बल्ब होता, होल्डरमधून दोन वायरी निघालेल्या, टोकांना चिमटे. चिमटे बॅटरीला लावले, बल्ब झगझगीत पेटला. पोट साफ. मग तिने बटणांमागची सगळी टोकं सोडली, कापडाच्या पिशवीची वरची शिवण उसवली (धक्क्यावरून "अरेरे" ऐकू आलं) आणि एकेक वायर बोटांत धरून खालून वर सरकवत नेली.

आणि तिची बोटं थांबली.

वायर सरळ होती, पण एका जागी किंचित वाकडी. पुन्हा सरळ. दुसऱ्या वायरीला असे दोन वाक लागले, जवळजवळ. तिसरीला तीन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते काय उगाच! वर्षानुवर्षं गाठीत बसलेली तांब्याची तार. तिला इस्त्री नाही, रोडरोलर फिरवा, वाक लक्षात ठेवणारच.

"भावोजी, सोडवलेल्या गाठी मोजल्या होत्या?"

"गाठ काय मोजायची असते, वहिनी? गाठ सोडायची असते!"

एक वाक असलेल्या वायरीला तिने थेट बॅटरीचा प्लस टेकवला. काठीवरचा दिवा लागला. दोन वाकांची वायर टेकवली, भोंगा बोंबलला. तीनवालीने पंप फिरला. बिनवाकाची ती परतीची. कप्तानाने आयुष्यभर जपलेलं गुपित सूनबाईने चहाचं पाणी उकळायला लागतं तेवढ्या वेळात काढून घेतलं. तिने जिथल्या तिथे गाठी मारल्या, टोकं घासून चकचकीत केली, आपापल्या बटणाला लावली आणि स्क्रू असे आवळले, की ते अजून कुणाला सुटलेले नाहीत.

दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला. आता तुम्ही नाही म्हणाल, पण उजेड इतका पडला, की पलीकडच्या काठावर उजाडलं समजून कोंबडे आरवले. भर संध्याकाळी! एका आजीने तर उठून दात घासले. पंप सोडला, तर बोटीतलं पाणी संपल्यावर तो बाहेरचं ओढायला लागला. धक्क्याजवळ चिखल दिसायला लागला, बोट टेकली, मासे चिखलात शेपट्या आपटायला लागले. शेवटी पंप उलटा चालवून पाणी परत सोडावं लागलं.

काय म्हणालात, ताई? पंप उलटा चालत नाही? तुम्ही भाजी विकता ना? मग पंपात कशाला पडता? या बोटीत चालत नसेल. ती बोट वेगळी होती, सांगितलं ना.

असो. सूनबाईने हात पुसले. "या भावोजी, आता बसा."

जावईबापू आले, आपल्या आवडत्या डाव्या बाकावर टेकले, आणि फट्! फ्यूज उडाला. दिवा गेला, पंप गेला, भोंग्याने शेवटचा श्वास सोडला.

"मी काही केलं नाही!" जावईबापू उडी मारून उठले. म्हणजे त्यांना उडी वाटली. बोटीला लाट वाटली.

तिने नवा फ्यूज घातला. सगळं चालू. बराच वेळ चालू. जावईबापूंनी समाधानाने मान डोलावली आणि ते बसले. फट्!

तेवढ्यात नणंदबाई डबा घेऊन धक्क्यावर आल्या. त्यांनी एका नजरेत सगळं ताडलं. "काय हो, माझ्या माहेरच्या बोटीतही पाय टाकलात? जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण तुम्ही एकटे नऊ ग्रहांना पुरून उराल."

"वन्सं, थांबा," सूनबाई म्हणाली. तिचे डोळे लकाकले होते. फ्यूज असा दरवेळी उडत राहिला तर डबीभर फ्यूज संपतील आणि हाती काही लागणार नाही, हे तिला कळत होतं. वडिलांची दुसरी युक्ती तिने बाहेर काढली. फ्यूजच्या जागी तो चिमट्यांचा बल्ब लावला. बटणं सगळी चालू, पण दिवा, भोंगा, पंप यांच्याकडची टोकं सोडलेली. म्हणजे वीज कुठे जात नाही, बल्बही पेटायचं कारण नाही. कुठे चोरवाट असली, तर वीज त्या वाटेने धावणार, आणि धावताना बल्ब पेटवून जाणार. फ्यूज एकदाच ओरडून मरतो. बल्ब मात्र विचाराल तितक्या वेळा सांगतो.

"भावोजी, बसा."

बसले. बल्ब लख्ख.

"उठा."

उठले. बल्ब गुडूप.

"बसा. उठा. बसा. उठा."

"वहिनी, मी जावई आहे घरचा!"

"म्हणूनच तर विनंती करतेय. बसा."

नणंदबाईंनी डबा बाजूला ठेवला आणि ठेका धरला. जावईबापूंनी किती उठाबशा काढल्या त्याला गणती नाही. धक्क्यावर गर्दी जमली. दर बैठकीला ते थोडे थोडे आटत चालले. आधी पट्टा सैल झाला, मग पाटलोण घसरायला लागली. शिंपीच तो, दोन उठाबशांच्या मध्ये त्यांनी तिथल्या तिथे कंबर आत घेतली. पुढे तर असे बारीक झाले, की बाकावर बसले तरी बाक दबेना आणि बल्ब पेटेना, तेव्हा नणंदबाईंना त्यांच्या मांडीवर बसावं लागलं.

खोकला आला का हो बाई सुकाणूवर? गार वारा आहे. डोक्याला रुमाल बांधा.

तेवढ्या वेळात सूनबाई बाकाखाली पालथी पडून कापडाच्या पिशवीवरून अंगठा दाबत नेत होती. इथे दाबलं, बल्ब शांत. पुढे दाबलं, शांत. आणखी वीतभर पुढे दाबलं, आणि बल्ब पापणी फडफडवावी तसा मिचकावला. अंगठ्याला काहीतरी टोचलं. तिने पिशवी फाडली. आत, गाठवाल्या वायरीतून आरपार जाऊन परतीच्या वायरीत टोक खुपसून, शिंप्याची मोडकी सुई बसली होती. बाकावर भार आला, की फळी खाली दबायची आणि सुई दोघींची गाठ घालून द्यायची. भार उठला, की पुन्हा तुटक वागायच्या.

सूनबाईने सुई बोटांत धरून वर केली. नणंदबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने पाण्याकडे बघितलं.

"चुकीच्या जागी टाका घातलात एवढंच," सूनबाई म्हणाली, "पण टाका सुरेख. आता असं करा, जखमी वायरी मी बदलते आणि तुम्ही नवी पिशवी शिवा. पण बाकाखाली नाही, कडेने. आणि बाहेरून दिव्यापाशी पिवळा धागा, पंपापाशी निळा, भोंग्यापाशी काळा. उद्या माझ्यानंतर कुणी आलं, तर त्याला गाठी मोजत बसायला नको."

"माझ्यानंतर" म्हणाली! अजून सुकाणूला बोट लागलेलं नाही, आणि बाईंचा हिशेब नंतरच्यांपर्यंत गेला होता.

तपासणीच्या दिवशी घरी नुसतं पडून राहवेना म्हणून कप्तानही लेकीचा हात धरून धक्क्यावर आला होता. एक डोळा पट्टीत, दुसरा मिटलेला. तपासनीस त्याच्या पाठोपाठ आला. तपासनीस म्हणजे जावईबापूंचा थोरला भाऊ शोभेल अशा अंगाचा, आणि दुसरा बाक सोडून कुठे बसावा? डाव्या बाकावर. अगदी त्याच जागी. नणंदबाईंनी डोळे मिटले. जावईबापू उगाचच उठून उभे राहिले, जणू त्यांचं वजन कमी झाल्याने काही मदत होणार होती. बाक करकरला, खाली दबला.

काही झालं नाही.

"दिवा," तपासनीस म्हणाला. दिवा लागला.

"पंप." पंप फिरला, बोटीबाहेर पाण्याची धार पडली.

"भोंगा." आता हे ऐका. भोंगा असा दणदणीत वाजला, की लाँचवाला आपल्या ऑफिसात खुर्चीवरून उठून उभा राहिला, आणि त्याच्या लाँचचा भोंगा घाबरून आपोआप वाजला. तपासनिसाची टोपी पाण्यात पडली. ती काढायला गेलेला नावाडी अजून परत आलेला नाही. सही मात्र झाली.

"सूनबाई," कप्तान हळूच म्हणाला, "मला बटणांपाशी ने."

त्याने फळीखाली हात घातला. आधी एका वायरीवर बोटं फिरवली. एक गाठ. दुसरी धरली. दोन. तिसरी धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. तीन. चौथी गुळगुळीत, घरी परतणारी. म्हाताऱ्याच्या ओठांची हालचाल तेवढी दिसत होती.

"तुला कुणी सांगितलं?"

"वायरींनी," सूनबाई म्हणाली. "आता शब्दाचं बोला, मामंजी."

मग काय, मंडळी! कप्तानाने मिटलेला डोळा उघडला, आणि त्यातून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पट्टीतल्या डोळ्यातूनसुद्धा! त्याने छाती पुढे काढली, सगळ्या धक्क्यासमोर सुकाणू दोन्ही हातांनी धरलं, अगदी तान्ह्या मुलासारखं उचलून सुनेच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "सूनबाई, आजपासून हे..."

"खोटं!"

सगळ्या बोटीने माना वळवल्या. सुकाणूवरच्या बाईंनी नजर काठावरून हलवली नव्हती. एका हाताने त्यांनी बोट धक्क्याकडे वळवली आणि दुसऱ्या हाताने भोंग्याचं बटण दाबलं. त्याच्यापाशी कापडाच्या पिशवीवर काळा धागा शिवलेला होता.

"कोंबडे आरवले, ऐकून घेतलं. पंप उलटा फिरला, ऐकून घेतलं. भावोजी बारीक झाले, तेही ऐकून घेतलं. पण हे चालणार नाही, आजोबा. मामंजी म्हणाले, 'आज राहू दे, उद्या बघू.' सुकाणू त्यांनी दिलं नाही. मी घेतलं."